वारा येईल तशी पाठ द्यावी: क्रीट बेटावर गाडीने सुट्टी

कोकणात समुद्रावर जाणारा जाणता माणूस पाण्यात उतरण्याआधी एक गोष्ट हमखास विचारतो: भरती केव्हा आहे? आपल्या किनाऱ्यावरचा दिवस त्या एका उत्तरावर ठरतो, कारण उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वर-खाली होते. भूमध्य समुद्रात ही सवय कामाची नाही. तो समुद्र चहूबाजूंनी जवळपास बंद असल्यामुळे ग्रीसच्या क्रीट बेटावर भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीत-दीड वीत असतो. तिथे किनाऱ्यावरचा दिवस चांगला जाणार की वाया, हे वारा ठरवतो. क्रीटमध्ये भाड्याची गाडी घेण्याचं खरं कारणही वाराच आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. गाडी हाताशी आहे म्हणून अख्खं बेट पालथं घालायचा बेत अनेक जण आखतात आणि समुद्रासाठी काढलेली सुट्टी गाडीच्या काचेआड घालवतात. गाडी घ्यावी ती मुक्कामाजवळच्या चार-पाच किनाऱ्यांपैकी आज कुठलं पाणी शांत आहे ते पाहून तिथे योग्य वेळी पोचण्यासाठी. एवढं एक सूत्र धरलं, तर मुक्काम कुठे करावा, किती दिवस गाडी घ्यावी, कोणत्या महिन्यात जावं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघत जातात.

आधी बेटाचा आवाका लक्षात घेऊ. ‘बेट’ म्हटलं की दिवसभरात फिरून होणारी जागा डोळ्यांसमोर येते. क्रीटचं क्षेत्रफळ ८,३०० चौरस किलोमीटरांच्या थोडं वर आहे, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून जास्त. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, रुंदी कुठे १२ तर कुठे ६० किलोमीटर. या चिंचोळ्या पट्टीच्या कण्यावर डोंगरांची रांग उभी आहे. त्यातलं सर्वांत उंच शिखर सिलोरितिस २,४५६ मीटर उंच आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा तब्बल ८१० मीटरने अधिक. सह्याद्री समुद्रापासून जरा आत उभा असल्यामुळे आपल्याला कोकणपट्टी मिळाली. क्रीटच्या दक्षिणेला मोठ्या भागात अशी पट्टीच नाही, डोंगर थेट पाण्यात उतरतो. म्हणून सोयीचा हमरस्ता फक्त उत्तर किनाऱ्याने, पश्चिमेच्या किस्सामोसपासून पूर्वेच्या सितियाकडे जातो आणि खानिया, रेथिम्नो, इराक्लिओ, आयिओस निकोलाओस ही मुख्य गावं त्याच रस्त्यावर ओवलेली आहेत. दक्षिणेला जायचं तर दर वेळी घाट चढून उतरायचा. दक्षिण किनाऱ्याने सलग जाणारा रस्ता नाहीच. लूत्रो आणि आयिआ रूमेली या किनाऱ्यावरच्या गावांना तर आजही होडीने किंवा पायीच जावं लागतं.

त्यामुळे इथे अंतर किलोमीटरांत मोजलं की हिशेब चुकतो. इराक्लिओ ते खानिया हे सुमारे १४५ किलोमीटर हमरस्त्याने दोन-अडीच तासांत होतात. पण खानिया ते नैर्ऋत्य टोकाच्या एलाफोनिसी किनाऱ्याचं अंतर सुमारे ७५ किलोमीटर असूनही दीड तास लागतो, कारण वाटेत घाट आहे, वस्त्यांमधून जाणारे अरुंद रस्ते आहेत आणि एका वेळी एकाच दिशेची वाहनं सोडणारा बोगदा आहे. वळणापलीकडे रस्त्यात शेळ्या उभ्या असणं ही तिथली रोजची गोष्ट. म्हणून हमरस्ता सोडला की ताशी ४० ते ४५ किलोमीटर एवढाच वेग धरून वेळ काढावा. बेत आखताना आणखी एक मर्यादा स्वतःवर घालून घ्यावी: किनाऱ्याच्या दिवशी जाऊन-येऊन तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. या कसोटीला लावलं, तर खानियात राहून पूर्व टोकाचं वाईचं पाम वृक्षांचं वन पाहण्याचा बेत लगेच गळून पडतो. तिथे पोचायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. तिथली झाडं आपल्या खजुराची भाऊबंद आहेत आणि ते वन पाहण्याजोगं आहे, यात शंका नाही. पण ते पाहायचं तर मुक्काम पूर्वेला हलवावा, एका दिवसात दहा तास गाडी चालवू नये.

आता वाऱ्याकडे वळू. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै आणि ऑगस्टमध्ये, एजियन समुद्रावरून उत्तरेचा कोरडा, जोरदार वारा वाहतो. ग्रीक लोक त्याला मेल्तेमी म्हणतात. दर वर्षी ठरल्यासारखा येतो म्हणून प्राचीन ग्रीकांनी त्याला ‘वार्षिक वारे’ असं नाव दिलं होतं आणि अ‍ॅरिस्टॉटलने हवामानावरच्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. मराठी वाचकाला या वाऱ्याची एक बाजू जवळची वाटेल. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये असं दाखवून दिलं, की भारतीय उपखंडावर पाऊस पडताना जी उष्णता मोकळी होते, तिच्या परिणामाने दूर पश्चिमेला पूर्व भूमध्य प्रदेशावर हवा खाली उतरते आणि तिथला उन्हाळा कोरडा राहायला मदत होते. मेल्तेमीही याच मोठ्या रचनेचा भाग आहे: मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे तुर्कस्तानपर्यंत लांबतो, बाल्कन प्रदेशावर दाब जास्त असतो आणि या दोहोंमधल्या फरकाने वारा दक्षिणेकडे धावतो. सह्याद्रीवर ढग कोसळतात त्याच महिन्यांत क्रीटवर निरभ्र आकाशाखाली वारा घोंगावतो, यामागे हा धागा आहे. असा वारा सुटला की दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबत नाही. ज्या प्रवाशाने महिनाभर आधीच ‘मंगळवारी अमुक किनारा’ असं लिहून ठेवलं आहे, त्याच्या मंगळवारी डोळ्यांत वाळू जाते.

सुदैवाने हा वारा सगळीकडे सारखा लागत नाही आणि गाडीची किंमत इथेच वसूल होते. उत्तरेचा वारा सुटला की उत्तरेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर लाटा उसळतात. खानियाजवळचं प्लातानियास किंवा रेथिम्नो आणि येओर्यिउपोली यांच्यामधली लांबच लांब पुळण, हे त्यातले नेहमीचे किनारे. तिथे लाटांखालून पाण्याची आत खेचणारी ओढ तयार होते. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, मग पोहायला कितीही येत असो. पण त्याच दिवशी खानियापासून अर्ध्या तासावर, आक्रोतिरी द्वीपकल्पाच्या आडोशाला दक्षिणेकडे तोंड केलेल्या छोट्या किनाऱ्यावर पाणी संथ असू शकतं. त्या किनाऱ्याचं नाव ‘माराथी’. आपल्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीकमध्ये बडीशेपेला ‘माराथो’ म्हणतात. मराठी माणसाच्या मात्र ते नाव पक्कं लक्षात राहील. दक्षिणेचं पालिओखोरा हे गाव म्हणजे तर या सूत्राचा चालताबोलता धडाच आहे. गाव समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या जिभेवर वसलं आहे. पश्चिमेला वाळूचा किनारा, पूर्वेला गोट्यांचा. एका बाजूला वारा असेल तर पाच मिनिटं चालून दुसऱ्या बाजूला जायचं. ‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही म्हण इथे शब्दशः खरी करता येते. दक्षिणेला नेहमीच शांतता असते, असं मात्र समजू नये. डोंगरांमधल्या घळींतून वारा दाबून खाली येतो, तेव्हा प्लाकियासच्या परिसरात त्याचे झोत उत्तरेपेक्षाही तीव्र लागतात. म्हणून दिशा आणि आडोसा दोन्ही पाहायला हवेत.

हे जमायला हवामानशास्त्र शिकावं लागत नाही. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज पाहायचा. ग्रीसमध्ये तो बोफोर्ट मापात सांगतात. चारपर्यंत बहुतेक किनारे चालतात, पाचला आडोशाचा किनारा निवडावा आणि सहा किंवा त्याहून जास्त असेल, म्हणजे ताशी साधारण चाळीस किलोमीटरच्या वर, तर मुलांना आणि पोहण्याची सवय नसलेल्यांना उघड्या समुद्रात नेऊ नये. नकाशात किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही पाहायचं आणि घराच्या किंवा खाणावळीच्या मालकाला विचारायचं. कोळ्याला भरती विचारावी तसा हा तिथला साधा, आदराने उत्तर मिळणारा प्रश्न आहे. वाऱ्याचे दिवस वाया जाऊ देऊ नयेत. १९०० पासून आर्थर इव्हान्स यांनी उत्खनन केलेला क्नोसोसचा राजवाडा, इराक्लिओचं पुराणवस्तू संग्रहालय, डोंगरातलं लासिथीचं पठार, खानियाच्या व्हेनिसकालीन बंदरामागच्या गल्ल्या, हे सगळं त्या दिवसांसाठी राखून ठेवावं. म्हणजे ठिकाणांची यादी तीच राहते, फक्त त्यांना तारखा चिकटवायच्या नाहीत.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. इतके पैसे खर्चून, व्हिसा काढून, इतक्या लांब आयुष्यात एकदा जायचं, तर सगळं पाहायला नको का? या भावनेत चूक काही नाही. चूक आहे ती ‘सगळं’ शब्दाच्या हिशेबात. सात दिवसांत बालोस, एलाफोनिसी, क्नोसोस, स्पिनालोंगा आणि वाई असं टोकापासून टोकापर्यंत फिरायचं, तर सामानाची बांधाबांध, खोली सोडण्याच्या आणि मिळण्याच्या वेळा आणि घाटांतले तास धरून तीन पूर्ण दिवस प्रवासातच जातात. शिवाय प्रत्येक ठिकाणाला एकच संधी मिळते आणि ती वाऱ्याने हुकली तर हुकलीच. याउलट सात रात्री एकाच पश्चिमेच्या मुक्कामी, खानियाच्या आसपास राहिलं, तर बालोस, फालासार्ना, एलाफोनिसी, पालिओखोरा, माराथी एवढे किनारे साधारण दीड तासाच्या आत येतात आणि प्रत्येकासाठी सोयीचा दिवस निवडता येतो. दहा-बारा दिवस असतील तर दोन मुक्काम करावेत: पश्चिमेला सहा रात्री, उरलेल्या दक्षिणेला मातालाच्या बाजूला किंवा पूर्वेला आयिओस निकोलाओस-सितियाकडे. खानियाला उतरून इराक्लिओहून परतीचं विमान धरलं तर मागे फिरावं लागत नाही. गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचा आकार मात्र आधी विचारून घ्यावा.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: इतकं कमी फिरायचं असेल तर गाडी कशाला, बस काय वाईट? बस वाईट नाहीच. उत्तरेच्या मुख्य गावांमध्ये केटेल संस्थांच्या बसगाड्या नियमित धावतात आणि हंगामात काही प्रसिद्ध किनाऱ्यांपर्यंतही जातात. त्यांचा तोटा एवढाच, की त्या सर्वांना एकाच वेळी एकाच जागी नेतात आणि वारा फिरला म्हणून त्यांचा मार्ग बदलत नाही. काही दिवस तर गाडी हे ओझंच होतं. सामारियाची घळ सुमारे १६ किलोमीटर चालत एकाच दिशेने उतरायची असते. गाडी वर ओमालोसला ठेवली तर आपण खाली आयिआ रूमेलीला पोचतो आणि तिथून होडी आणि बस धरूनच परतावं लागतं. त्यामुळे त्या दिवशी सकाळीही बसनेच जावं. बालोसच्या वाटेवरचे शेवटचे सात-आठ किलोमीटर कच्चे, खडबडीत आहेत आणि भाड्याच्या गाडीचा विमा अशा रस्त्यावर बहुधा लागू होत नाही. टायर, काच आणि गाडीचा तळ तर अनेक करारांत मुळातच वगळलेले असतात. किस्सामोसच्या बंदरातून होडीने जाणं हा चांगला मार्ग, पण वारा वाढला की त्या फेऱ्याही रद्द होतात, म्हणून त्यासाठी शांत दिवस हेरावा. या सगळ्याचा अर्थ असा, की सात दिवसांच्या मुक्कामात चार-पाच दिवसांची गाडी पुरते. विमानतळावरून पहिल्या दिवशी बसने किंवा टॅक्सीने गावात जावं, गाव पायी पाहावं आणि गाडी तिसऱ्या दिवसापासून घ्यावी.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. ग्रीसमध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. ही धास्ती दूर होत नसेल, घरात गाडी चालवणारा एकच माणूस असेल आणि तोच साशंक असेल, तर सायप्रसला जाणं शहाणपणाचं आहे. ते १९६० पर्यंत ब्रिटिश वसाहत होतं आणि आजही तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. वाऱ्याचं सूत्र तिथेही लागू पडतं. मात्र सराव असलेल्या चालकाला क्रीट अवघड नाही, कारण चूक होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: पार्किंगमधून बाहेर पडताना, पेट्रोल भरून निघताना, चौकात वळताना आणि सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, जिथे समोर वाहन नसल्यामुळे जुनी सवय डोकं वर काढते. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर ‘उजवी बाजू’ असं मोठ्याने म्हणावं. गाडी ऑटोमॅटिक आणि शक्य तितकी लहान घ्यावी. गावातल्या गल्ल्यांत तिचे आभार मानाल. रात्रीच्या विमानाने उतरून लगेच चालवायला बसू नये. हमरस्त्यावर मंद गाडी कडेच्या पट्टीवर घेऊन मागच्याला वाट देण्याची तिथे पद्धत आहे. घाईच्या माणसाला पुढे जाऊ द्यावं, पण पुढे वळण असेल किंवा कडेला गाडी उभी असेल तर आपली जागा सोडू नये.

कागदपत्रांत हयगय नको. भारतीय परवान्यावर चालवणाऱ्याने निघण्याआधी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढावा; तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. युरोपीय संघातला किंवा ब्रिटनचा परवाना असलेल्या तिकडच्या मराठी मंडळींना त्याची गरज पडत नाही. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी मागतात. नवऱ्याचा परवाना आणि बायकोचं कार्ड, अशा जोडीवर खिडकीशी अडचण होते. जर्मनी-नेदरलँड्सकडून स्वतःची गाडी आणणाऱ्यांना पिरेअस बंदरातून रात्रीच्या जहाजाने ती क्रीटला नेता येते. भाड्याची गाडी मात्र लेखी परवानगीशिवाय जहाजावर चढवू नये. गाडी घेताना चारही बाजूंचं चित्रण करून ठेवावं आणि दक्षिणेला उतरण्याआधी टाकी भरावी, कारण घाटापलीकडे पंप विरळ आहेत.

महिना कोणता निवडावा, हेही आता सोपं होतं. मुलांच्या शाळेमुळे मे महिना सोयीचा वाटतो. तेव्हा डोंगर हिरवे असतात, वारा बेताचा असतो, पण समुद्र अजून थंड असतो, साधारण १९-२० अंश. पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्यामुळे सप्टेंबरमध्ये ते २५ अंशांच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही पोहण्याइतकं उबदार राहतं. तोवर मेल्तेमीचा जोर ओसरलेला असतो, गर्दीही उतरलेली असते. ज्यांना निवड करता येते त्यांनी सप्टेंबर धरावा, ऑक्टोबरअखेरपर्यंत मात्र थांबू नये. मग पाऊस सुरू होतो आणि किनाऱ्यावरच्या खाणावळी मिटतात. जुलै-ऑगस्टमध्येच जावं लागत असेल तर दिवसाच्या वेळा बदलाव्यात. एलाफोनिसीला सकाळी नऊच्या आत पोचावं किंवा चारनंतर; सूर्य साडेआठच्या सुमारास मावळत असल्यामुळे उशिरा पोचूनही समुद्राला भरपूर वेळ मिळतो. दुपार घाटातल्या एखाद्या गावात जेवणासाठी ठेवावी. शाकाहारी माणसाने ‘निस्तिसिमो’ हा शब्द लक्षात ठेवावा: उपवासाच्या दिवसांसाठीचे मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असलेले पदार्थ. त्यात शिंपले, माकूल मात्र चालतात, म्हणून ते नकोत असं वेगळं सांगावं.

शेवटी, ज्या वाळूसाठी एवढा खटाटोप, तिच्याशी वागण्याचाही रिवाज आहे. रेथिम्नो, खानिया आणि मेसारा इथल्या वाळूत उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालतात. आपल्याकडे वेळासच्या पुळणीवर पहाटे पिल्लं पाण्याकडे सोडताना ज्यांनी श्वास रोखला आहे, त्यांना जास्त सांगायला नको: वाळूवर गाडी नेऊ नये, रात्री दिव्याचा झोत पाडू नये, कुंपण घातलेल्या जागेत छत्री रोवू नये. एलाफोनिसीची गुलाबी छटा सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्याची आहे. ती वाळू घेऊन जायला मनाई आहे, बाटलीभरसुद्धा. आडोशाचा किनारा, योग्य वेळ आणि घाई नसलेला माणूस हे तिन्ही जुळले, तर भाड्याच्या खुर्चीचीही गरज उरत नाही. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक आहे आणि २०२४ च्या कायद्याने त्याचा किमान ७० टक्के भाग खुर्च्या-छत्र्यांपासून मोकळा ठेवणं बंधनकारक केलं आहे. तेव्हा आरक्षण करायचं ते मुक्कामाचं आणि गाडीचं. किनारा कोणता, ते आदल्या संध्याकाळी वारा पाहून ठरवा.